बर्फखोलीचं दार

त्या वर्षांत पडद्यावर कुणी खोटं रडत नसे.

खोटं रडायला यंत्रनट होते. संगणकाने घडवलेले हे नट हवं ते वय, हवा तो चेहरा आणि हवं तेवढं पाणी डोळ्यांत आणून देत, आणि तेही दिग्दर्शकाशी वाद न घालता. त्यांचा अभिनय आणि खऱ्या माणसाचा अभिनय यांतला फरक प्रेक्षकांना ओळखू येईनासा झाला, तेव्हा हाडामांसाच्या नटांपाशी एकच गोष्ट उरली. जे दाखवायचं ते त्यांनी खरोखर सोसलेलं असलं पाहिजे. अशा चित्रपटांच्या सुरुवातीला 'अनुभवसिद्ध' असा शिक्का येई. यातली माणसं अभिनय करत नाहीत, त्यांना हे आठवतं आहे, असा त्याचा अर्थ. शिक्का दिसला की चित्रपटगृहातले लोक सावरून बसत. खाली जाळी न लावता झुल्यावर चढलेल्या माणसाकडे सर्कशीत बघावं, तसे पडद्याकडे बघत.

ओवी बांदेकरने असा शिक्का कधी घेतला नव्हता. ती सत्तेचाळीस वर्षांची होती आणि लोक तिला एकाच भूमिकेसाठी ओळखत. अठरा वर्षांपूर्वी आलेल्या 'तांबडी वसाहत' या चित्रपटात तिने कप्तान दुर्वाचं काम केलं होतं. मंगळावरच्या पहिल्या वसाहतीची ही प्रमुख कशालाच घाबरत नसे. मात्र ती स्वतःच्या हाताने कधी दार लावत नसे. "दार लावून घे," असं जवळच्या कुणाला तरी सांगे आणि पाठ फिरवून उभी राही. असं का, ते त्या चित्रपटात शेवटपर्यंत कळत नव्हतं. त्यावर लोक अठरा वर्षं वाद घालत होते, आणि अखेर निर्मात्यांनी त्याचं उत्तर द्यायचं ठरवलं. आधी घडलेली, पण नंतर सांगितलेली गोष्ट. सिनेमावाले तिला प्रिक्वेल म्हणत, वर्तमानपत्रं पूर्वपट म्हणत.

हा पूर्वपट मुळापासूनच रखडत आला होता. पहिला लेखक भांडून गेला. दुसऱ्याने लिहिलेली पटकथा तिसऱ्याने फाडली. देवगडपासून तासाभरावर, जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर, म्हणजे सपाट माळावर, मंगळावरची वसाहत उभारली होती, कारण तेवढी लाल आणि तेवढी ओसाड जमीन दुसरीकडे मिळाली नाही. एप्रिलच्या वावटळीत तिचे दोन घुमट उडाले आणि त्यांतला एक खालच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत जाऊन पडला. त्यानंतर महिन्याभरात पहिला दिग्दर्शक प्रकृतीचं कारण सांगून निघून गेला. प्रदर्शनाची तारीख मात्र जाहीर झालेली होती.

नवा दिग्दर्शक प्रद्युम्न काळसेकर पस्तिशीचा होता. त्याने आतापर्यंतचं चित्रीकरण पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओवीला आणि डॉ. यामिनी शेजवलकरांना आपल्या तंबूत बोलावलं. डॉक्टर मेंदूशास्त्रज्ञ होत्या आणि नटाच्या आठवणीत पात्राचा प्रसंग रुजवायचं, म्हणजे स्मृतिकलमाचं, काम त्यांच्याकडे होतं; शिक्का मिळायचा तो त्यावरच.

"चिमीचा मृत्यू बदलायचाय," प्रद्युम्न म्हणाला.

चिमी ही दुर्वाची सहा वर्षांची धाकटी बहीण. जुन्या पटकथेत ती हवाकुलपात अडकून मरत होती. हवाकुलूप म्हणजे वसाहतीच्या वेशीवरची दोन दारांची खोली. बाहेरचं दार उघडताना आतलं बंद ठेवायचं, म्हणजे आतली हवा मंगळाच्या विरळ वातावरणात निसटत नाही. यंत्र बिघडतं, दार उघडत नाही, सतरा वर्षांची दुर्वा काही करू शकत नाही, अशी ती हकिकत होती. तिचं कलम ओवीवर तीन महिन्यांपूर्वी झालं होतं आणि त्यावर तिने चांगलं कामही केलं होतं.

"अठरा वर्षं लोक विचारतायत, मॅडम. यंत्र बिघडलं, हे काय उत्तर झालं?" प्रद्युम्न पुढे झुकला. "वादळात बाहेरचं दार फुटतं. आतल्या दारातून हवा जायला लागते. आत चाळीस माणसं आहेत. आणि दुर्वा स्वतः दार लावते. चिमी त्या बाजूला असताना."

ओवी डॉक्टरांकडे वळली. तिने विचारलं, "एका कलमावर दुसरं होतं का?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही आठवणीकडे कपाटातल्या फोटोसारखं बघता. काढला, पाहिला, परत ठेवला. तसं नसतं. आठवण काढली की ती मऊ होते. पाच-सहा तास मऊ राहते आणि मग पुन्हा घट्ट होते. मऊ असताना तिच्यात जे मिसळेल, ते तिच्यासकट घट्ट होतं. आमचं औषध तो मऊपणा वाढवतं, बाकी काही करत नाही. त्या वेळात आम्ही तुम्हाला चित्रं दाखवतो, आवाज ऐकवतो, वास देतो, थंडी देतो. मेंदू ते सगळं आपलंच समजून ठेवून घेतो."

"म्हणजे मुळात माझी एखादी आठवण लागते."

"लागतेच. कलम हवेत बांधता येत नाही. खाली रायवळ, म्हणजे रानटी आंब्याचं, रोप असावं लागतं. वर फांदी हापूसची, मुळं रायवळाची."

"माझं रोप कोणतं?"

"ते नटाला सांगत नाहीत. कळलं की तो सारखा त्या आठवणीला हात लावत बसतो, आणि कलम धरत नाही." डॉक्टरांनी चष्म्याची काडी मिटली. "दुसरं कलम होईल. पण पहिलं नंतर सहज विरवता आलं असतं. यानंतर विरवणं जड जाईल. आजवर कुणी केलेलं नाही."

"माझ्या जागी तुम्ही असतात तर?"

"मी नटी नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

प्रद्युम्नने मग जे सांगितलं ते सौम्य आवाजात सांगितलं. ओवीच्या चेहऱ्याचे हक्क जुन्या करारानुसार निर्मात्यांकडेच होते. "दुर्वा तुमच्याशिवायही होऊ शकते, मॅडम. यंत्रनट तिला उद्या उभी करेल. पण मला ती नकोय, मला तुम्ही हव्या आहात."

ओवी बाहेर येऊन सड्यावर बराच वेळ चालली. एवढ्या वर्षांत तिला हाका मारणाऱ्यांनी दुर्वा म्हणूनच मारल्या होत्या. आपला चेहरा घेऊन दुसरंच काहीतरी त्या नावाला ओ देईल, ही कल्पना तिला सोसेना. ती परत आली आणि हो म्हणाली.

कलमाला पूर्ण सकाळ लागली. दुपारी ओवी उठून बसली तेव्हा तिचे दात वाजत होते आणि उजव्या हाताची मूठ उघडत नव्हती. प्रद्युम्नने वेळ घालवला नाही. तासाभरात तिला हवाकुलपाच्या दारापाशी उभं केलं. पलीकडे कुणी नव्हतं. चिमी नंतर संगणकावर भरायची होती, आणि ओवीचा चेहराही नंतर सतरा वर्षांचा करायचा होता. दाराला एक गोल काच होती, एवढंच.

ओवीने काचेतून आत पाहिलं. मग दोन्ही हातांनी लोखंडी कडी खाली ओढली आणि पूर्ण वजन टाकून तशीच धरून ठेवली. ती रडली नाही, ओरडली नाही. ओठ हलवत ती आकडे मोजत होती. पलीकडून येणारे धक्के मोजत होती. पलीकडे नुसती लाकडी फळी होती, हे कॅमेऱ्यामागच्या साठ माणसांना माहीत होतं, तरी त्यांतल्या काहींनी मान फिरवली. एकोणीस आकड्यावर ती थांबली. कडी मात्र सोडेना. शेवटी दोघांनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

"एकाच टेकमध्ये," प्रद्युम्न पुटपुटला. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही.

भीती सुरू झाली ती त्यानंतर. पहिल्या दिवशी ओवीने ती थकवा म्हणून सोडून दिली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या मांडवात कुणीतरी आपली लहान मुलगी आणली होती. ओवी ताट तसंच टाकून उठली आणि मांडवाच्या चारही बाजूंनी फिरून सगळ्या कनाती वर बांधून आली. तिसऱ्या दिवशी तिने न्हाणीघराचं दार उघडं ठेवलं आणि वेशभूषेच्या बाईला बाहेर पाठ करून उभं राहायला सांगितलं. चिमी नावाची मुलगी कधी जन्मली नाही, हे तिला स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. ते ती स्वतःशी मोठ्याने म्हणूनही बघे. म्हणत असतानाच तळहातावर कडीचा गारवा येई, आणि मग माहीत असण्याचा काही उपयोग होत नसे.

पाचव्या दिवशी जुई आली.

जुई ही ओवीची सख्खी धाकटी बहीण. देवगडच्या शाळेत विज्ञान शिकवायची. चित्रीकरण जवळच चाललं आहे म्हटल्यावर रविवारी आंबोळ्यांचा डबा आणि खोबऱ्याची चटणी घेऊन ती निघाली. अकराचं ऊन होतं. सड्यावर सावली नाही, त्यामुळे लांबून येणारं माणूस आधी ठिपक्यासारखं दिसतं आणि मग उन्हात थरथरत मोठं होत येतं. ओवी आपल्या मेकअपच्या गाडीच्या पायरीवर बसली होती. तिने तो ठिपका पाहिला. चालण्याची ढब ओळखली. डावा पाय किंचित बाहेर टाकत येणारी.

ती उठली, आत शिरली आणि दाराची कडी घालून तिला लटकून उभी राहिली.

"ताई!" जुईने दारावर थाप मारली. "अगो, मी जुई. दार उघड मां."

जुईने पुन्हा थाप मारली.

"काय झाला गो तुका? बरं नाही वाटत?"

"किती वेळा मारलंस," आतून ओवीचा आवाज आला. तो इतका बारीक होता की जुईला दाराला कान लावावा लागला. "मी मोजलेत. एकोणीस."

"काय एकोणीस?"

"तू जा. तू गेलीयस. मी दार लावलं होतं, जुई, मी घट्ट लावलं होतं. तू बाहेर कशी आलीस?"

जुईला आधी वाटलं, ताई एखादा संवाद म्हणून बघते आहे. ती हसलीसुद्धा. मग आतून जो आवाज आला, तो भेदरलेल्या जनावराचा होता, आणि तिच्या हातातला डबा खाली पडला.

डॉक्टर धावत आल्या. त्यांनी ओवीला बाहेर काढून झोपेचं औषध दिलं. संध्याकाळी ती जागी झाली तेव्हा जुई खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसली होती. ओवी तिच्याकडे बघत होती, आणि ही जुई आहे, जिवंत आहे, हे स्वतःला शब्दाशब्दाने पटवत होती. अंगावरचा काटा तरी जात नव्हता.

"माझं रोप कोणतं होतं, डॉक्टर?" तिने विचारलं. "आता सांगा."

"बर्फखोली," डॉक्टर म्हणाल्या.

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांचे वडील देवगड बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात व्यवस्थापक होते. मासळीसाठी लागणाऱ्या लाद्या जिथे रचून ठेवत, ती बर्फखोली. ओवी नऊ वर्षांची आणि जुई पाच वर्षांची असताना लपाछपी खेळताना जुई तिथे शिरली आणि जाड दार आपोआप लागलं. कलमापूर्वी घेतलेल्या मुलाखतीत ओवीने ही आठवण हसत हसत सांगितली होती.

"पहिल्या पटकथेत यंत्र बिघडत होतं, दार उघडत नव्हतं," डॉक्टर खाली बघत बोलत होत्या. "त्याला ही आठवण चपखल होती. थंडी होती, लोखंडी कडी होती, धाकटी बहीण होती. शेवट चांगला होता म्हणून मला ती सुरक्षित वाटली. दुसऱ्या वेळी नवं रोप शोधायला हवं होतं. त्याला तीन आठवडे लागले असते आणि मला तीन दिवस मिळाले. नाही म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं नाही."

"जुई, सांग तू," ओवी म्हणाली. "खरं काय झालं होतं?"

"काय होणार? आत मिट्ट काळोख होता, हातसुद्धा दिसत नव्हता. मी दार बडवलं. तू धावत आलीस, कडीला लटकलीस आणि दार उघडलंस. दोन-तीन मिनिटं झाली असतील. माझे ओठ निळे पडले होते आणि मी हसत होते. मग आईने दोघींना गरम पेज दिली आणि बाबांना सांगितलं नाही."

ओवीने डोळे मिटून शोधलं. कडी सापडली. कडीला लटकलेली नऊ वर्षांची मुलगीही सापडली. पण ती दार उघडायला कडी ओढत नव्हती, दार लागलेलं राहावं म्हणून दाबून धरत होती. पेजेचा वास कुठेच नव्हता.

"हे काढून टाका," ती म्हणाली.

डॉक्टरांनी दोघींना नीट समजावलं. काढता येईल. आठवण मऊ झाली की ती पुन्हा घट्ट होऊ न देणारं दुसरं औषध होतं. पण एवढ्या आत धरलेली फांदी निघताना मुळं घेऊन निघेल. बर्फखोली जाईल, आणि तिच्याशी जोडलेली जुई जाईल. पाच वर्षांची जुई नक्की. सात, आठ, दहा वर्षांची कितपत उरेल ते सांगता येत नव्हतं.

"आणि आत्ताची?" जुईने विचारलं.

"तुम्ही समोर असाल. तुमची ओळख करून देता येईल."

मग ओवी म्हणाली, "नको. ती माझ्या अंगावर आली तरी चालेल. ती जायला नको."

"औषधाशिवाय होत नाही?" जुईने विचारलं. ती शिक्षिका होती आणि तिचा सांगण्यावर विश्वास होता. "आठवण मऊ होते म्हणालात ना? मग त्या वेळी मी खरं सांगत गेले तर?"

"होईल," डॉक्टर विचार करून म्हणाल्या. "हळूहळू होईल. महिने लागतील."

चित्रीकरण संपलं तशी ओवी मुंबईला परत गेली नाही. देवगडात जुईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तिने लहानसं घर भाड्याने घेतलं. दर रविवारी दुपारी जुई तिच्याकडे यायची. आधी ओवीने तिला आठवतं ते सगळं सांगायचं, काहीही न लपवता, म्हणजे आठवण मऊ होईल. मग जुईने खरी हकिकत सांगायची.

पहिले रविवार भयंकर होते. ओवी सांगताना कडी धरल्यासारखी मूठ आवळे आणि समोर बसलेल्या बहिणीकडे बघू शकत नसे. जुईला ते सगळं ऐकावं लागे. गोल काच, काचेपलीकडचं लहानसं तोंड, एकोणीस धक्के, त्यांतले शेवटचे चार किती हळू होते ते. मग जुई म्हणे, "असं नव्हतं ताई. आता ऐक." आणि काळोख, कडी, पेज.

पावसाळा गेला. गणपतीत ओवी पहिल्यांदा जुईच्या घरी जेवायला गेली. दिवाळीत जुईच्या सहा वर्षांच्या मुलीला, पर्णीला, तिने मांडीवर घेतलं, आणि तिच्या हाताला कडीचा गारवा जाणवला नाही. एका रविवारी तिला अचानक पेजेचा वास आला. ती इतकी रडली की जुईही रडली. त्या दिवशी दोघींना वाटलं, जिंकलो.

डिसेंबरात पूर्वपट प्रदर्शित झाला. त्यात तो प्रसंग नव्हता. चाचणीला बोलावलेल्या प्रेक्षकांना बहिणीवर दार लावणारी दुर्वा आवडली नाही, म्हणून शेवटच्या महिन्यात यंत्र बिघडल्याची जुनी हकिकत परत घातली होती. प्रद्युम्नचा फोन आला. त्याने तीनदा माफी मागितली. ओवीला राग आला नाही. ते एकोणीस आकडे आता फक्त दोघी बहिणींपाशी उरले होते, आणि ओवीपाशी ते फिके पडत चालले होते.

जानेवारीतल्या एका रविवारी जुई नेहमीसारखी सांगत होती. "मग तू धावत आलीस, आणि..." ती थांबली.

"आणि मी कडी ओढली," ओवीने हसून वाक्य पुरं केलं. आता तिला ते न चुकता यायचं.

"कडी बाबांनी ओढली ना गं?"

"काय?"

"आत्ता सांगताना मला बाबांचे हात दिसले. केसाळ. घड्याळ घातलेले." जुईच्या कपाळावर आठी पडली. "आणि त्याच्या आधी तू दिसलीस. काचेतून. तू नुसती उभी होतीस, ताई."

ओवी उठून उभी राहिली. "कुठली काच? तूच म्हणाली होतीस ना, आत काळोख होता? हात दिसत नव्हता म्हणून?"

"म्हणाले होते का?" जुईने विचारलं. ती खरोखरच विचारत होती.

ओवीने डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकल्यावर डॉक्टरांनी तिला जुईचे शब्द पुन्हा एकदा जसेच्या तसे सांगायला लावले.

"तिला तुम्ही काही दिलं होतं का?" ओवीने विचारलं. "चोरून? काही?"

"नाही. तिला द्यायची गरजच नव्हती. मऊ प्रत्येकाचीच आठवण होते, ओवी. औषधाने फक्त घाई होते. तुम्हाला खरं सांगायला ती दर रविवारी बर्फखोलीत जात होती. तिथे तिची आठवण मऊ होत होती, आणि त्याच्या जरा आधीच तुम्ही तिला काय सांगितलेलं असायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तीस आठवडे. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. आम्ही सगळे तुमच्याकडेच बघत होतो."

"मग आता तिला खरं कोण सांगणार?"

आई-वडील राहिले नव्हते. कारखाना पाडून तिथे गाळे झाले होते. डॉक्टरांपाशी कलमापूर्वीच्या मुलाखतीची ध्वनिफीत होती. त्यांनी ती लगेच पाठवली. त्यात ओवीचाच आवाज होता, हसरा आणि मोकळा. "मग मी लटकले ना कडीला, आणि बाहेर आलं ते निळं ध्यान, हसतंय!" जुईने ती मान हलवत शेवटपर्यंत ऐकली.

"कळतंय मला, ताई," ती म्हणाली. "हेच खरं आहे. मी मुलांना शिकवते, मला कळत नाही का? तू दार उघडलंस म्हणून मी आहे." तिने ओवीचा हात हातात घेतला. पण ओवीचा हात गार होता. जुईने दचकून आपला हात काढून घेतला, आणि मग दोघीही तसं काही झालंच नाही, अशा बसून राहिल्या.

रविवार बंद करायचे ठरले. आठवण काढायचीच नाही, म्हणजे ती आणखी बिघडणार नाही, असं डॉक्टरांनी सुचवलं.

महिन्याभराने एका दुपारी जुई पर्णीला घेऊन आली. बऱ्याच इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. शाळेच्या, बाजाराच्या, यंदाच्या मोहोराच्या. चार वाजले. एरवी आल्या आल्या जुई हक्काने स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायची. आज ती उठली नाही. दोनदा खुर्चीच्या कडेशी आली, पर्णीकडे पाहिलं आणि पुन्हा मागे टेकली. ओवीला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते अगदी साधं होतं. जुई उठून आत गेली असती, तर पर्णी ओवीबरोबर एकटी राहिली असती.

"चहा मीच टाकते," ओवी म्हणाली.

"हो, टाक," जुई चटकन म्हणाली, आणि तिचे खांदे सैल झाले.

ओवी आत गेली. तिने भांडं गॅसवर ठेवलं, पाणी ओतलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेरून पर्णीचा आवाज आला. तिला शाळेत घरातल्या एका माणसावर दहा ओळी लिहायच्या होत्या, आणि तिने मावशी निवडली होती.

"आई, तू आणि मावशी लहानपणी काय खेळायचात?"

ओवी ऐकत राहिली. पाण्याला आधण आलं, तरी तिने गॅस बारीक केला नाही.

"सांग ना, आई."

"मला नीट आठवत नाही गं, बाळा," जुई म्हणाली. "दुसऱ्या कुणावर तरी लिही."